वाऱ्याकडे पाठ करून बसलेली बदकं

ति. रॅग्नाताईस,

हाल्वोरचा उभ्यानेच नमस्कार (वाकलो की गुडघा कुरकुरतो). तुझा खोकला कसा आहे? इथे मिनेसोटात तळ्याच्या कडेने सकाळी बर्फाची साय धरू लागली आहे. मी खुशाल आहे, पण डोळे उघडे ठेवून आहे, कारण माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

पलीकडच्या किनाऱ्यावरची बोर्गहिल्ड तुला आठवत असेलच. तिचा नवरा ओस्कार जाऊन तीन वर्षं झाली. थव्यांना भुलवून खाली उतरवायची त्याची लाकडी बदकं इतके दिवस पोत्यात पडून होती. यंदा शिकारीच्या पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे तळ्यात घुसलेल्या माझ्या जमिनीच्या टोकावर लव्हाळ्यात दबा धरून बसलो, आणि उजाडल्यावर बघतो तर बाईंच्या काठालगत अकरा बदकं तरंगतायत. तीही वाऱ्याकडे शेपट्या करून, एकमेकांना चिकटून. आता खरं बदक वाऱ्याकडे चोच करून बसतं, आणि दाटी करतं ते घाबरल्यावर, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. वरून आलेल्या दोन थव्यांनी तो प्रकार पाहिला आणि परस्पर दक्षिणेची वाट धरली.

बाई बंदुकीला हात लावत नाहीत. मग बदकं कोणासाठी? माझा संशय सरळ आर्विड टोलेफसनवर गेला. त्याचा माझ्या टोकावर किती वर्षं डोळा आहे ते तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात प्रार्थना झाल्यावर तो चर्चच्या तळघरात बोर्गहिल्डशेजारी कॉफी पीत उभा होता, आणि साखर दोनदा मागत होता (तो साखर घेत नाही). म्हटलं, मला कंटाळा आणून टोक सोडायला लावायचा हा डाव आहे.

मी होडी घेऊन गेलो आणि बाईंना बदकं कशी मांडतात ते पहिल्यापासून समजावलं. चोची कुठे, अंतर किती, थव्याला उतरायला मध्ये जागा कशी सोडायची. त्या मान डोलवत म्हणाल्या, "असं होय? मला मेलीला काय कळतंय. आत या, कॉफी ठेवलीय." नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, आणि तपासही करायचा होता. बटाट्याच्या पातळ, मऊ पोळ्या, तीन लेफ्सा खाल्ल्या. आर्विडचा मागमूस नव्हता, म्हणजे तो फारच सावध असला पाहिजे. जाताना बदकं नीट करून दिली. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा उलटी. असे नऊ दिवस, ताई. नऊ दिवसांत मी एकही बदक मारलं नाही आणि माझा पट्टा एक भोक सैल झाला.

परवा दुकानात काडतुसं घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "ओस्कार कसली बदकं मांडतोय? होडीत बसलं की त्याला मळमळायचं. तीस वर्षं सगळी मांडामांड बोर्गहिल्डची." झालं, माझी खात्री पटली. तडक जाऊन मी तिला विचारलं, की तुम्हाला सगळं येतं, तर हे कोणाच्या सांगण्यावरून चाललंय. ती लाल झाली. म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही, हाल्वोर?" मी म्हटलं, मला सगळं कळतं, हे आर्विडचं काम आहे. त्यावर तिने माझ्यासमोरची ताटली उचलून नेली. लेफ्सा अर्धी राहिली होती.

खोकल्यावर गरम दूध घेत जा. मेहुण्यांना नमस्कार सांगणे.

तुझा,
हाल्वोर

ता. क. आर्विड सप्टेंबरपासून ॲरिझोनात लेकीकडे आहे, असं आज पाद्रीबुवांकडून कळलं.

ता. क. दुसरा. काल सकाळी अकराही बदकं बिनचूक होती. चोची वाऱ्याकडे, मध्ये ऐसपैस जागा. थवा माझ्यासमोर उतरला. मी बंदूक उचललीच नाही. तिच्या धुराड्यातून धूर येत होता, आणि मला तिकडे जायला काही कारण उरलं नव्हतं. ताई, मला करमत नाही.

ता. क. तिसरा. आज मी होडीने जाऊन त्यातली तीन बदकं उलटी फिरवली. ती दुर्बीण घेऊन खिडकीत उभी होती. हसत होती की काय, ते इतक्या लांबून दिसलं नाही. दार वाजवल्यावर काय बोलायचं असतं ते तू उलट टपाली कळव. तोवर मी रोज तीन फिरवीन. पण एकूण अकराच आहेत, तेव्हा उशीर करू नकोस.