बुडालेल्या रखवालदाराचा निवाडा

चिरंजीव मेहुणे यांस भावोजींचे सप्रेम आशीर्वाद. श्रीहरिकृपेने माझे ठीक चालले आहे. तुमच्या गुडघ्याचे वर्तमान कळवावे. तुमच्या ताईची प्रकृती उत्तम आहे, फक्त ती बोलत नाही. (तुमच्याशी नाही, हे तुम्ही जाणताच, आता माझ्याशीही नाही.)

त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, "ताई, दीपगृहाचा रखवालदार बुडतो. डोळ्यांनी पाहिलाय मी सिनेमा!" ती म्हणाली, "पोहून घरी येतो. माझ्या पुस्तकात आहे." आणि आयुष्यभर उपनिषदांवर प्रवचने केलेल्या मला तुम्ही न्यायाधीश नेमलेत. मी पुस्तक न उघडताच प्रत्यक्ष प्रमाण श्रेष्ठ ठरवले. वर असेही म्हणालो की, चित्रपटावरून बेतलेली कादंबरी वाचणे म्हणजे बिंब सोडून प्रतिबिंबाची पूजा करणे. (हे वाक्य तेव्हा मला फार आवडले होते.) तुम्ही खो खो हसलात. ताईने ताटे उचलली आणि दुसऱ्या दिवशी तसल्या कादंबऱ्यांचा आपला सारा संग्रह रद्दीत देण्यासाठी खोक्यांत भरला.

खोकी बांधायला मदत करताना ते पुस्तक माझ्या हाती आले. प्रस्तावनेत लेखक स्वच्छ सांगतो की, चित्रीकरणापूर्वीच्या पटकथेवरून त्याने ते लिहिले. चित्रपटाचा शेवट मागाहून बदलला. म्हणजे तुमचा रखवालदार बुडतो आणि तिचा घरी येतो. दोन श्रुतिवचनांत विरोध दिसला तर दोन्ही प्रमाण मानावीत, हे मी परक्यांना शिकवले, आणि घरात मात्र एकीला खोटे पाडले! शिवाय पडद्यावर तो नुसताच समुद्राकडे पाहतो म्हणे. त्याच्या मनात काय चालले आहे, ते पुस्तकात पानभर आहे. आमचे भाष्यकार याहून निराळे काय करतात? मी उभ्या उभ्या वाचत राहिलो. शेवटचे प्रकरण उरले असताना ताईने पुस्तक हातातून काढून घेतले.

आपला,
पश्चात्तापदग्ध भावोजी

ता. क. समाचाराचे निमित्त होते. खरे काम असे की, रविवारी या आणि तिच्याकडे ते पुस्तक वाचायला मागा. इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणीही तिच्याकडे एकही पुस्तक मागितलेले नाही.

पुन्हा ता. क. धीर न धरवल्याने मीच आत्ता मागितले, निवाडाही मागे घेतला आणि रविवारी तुम्हीही ते मागायला येणार असे सांगितले. ती अखेर बोलली, "ते आधी तो वाचेल. तुमचा नंबर नंतर."