उजव्या डोळ्यावरची चिंधी

प्रिय अक्का,

आज भाऊबीज. तू श्रावणात गेलीस, म्हणून यंदा मी पाटावर बसलोच नाही. चुलत बहिणी ओवाळायला आल्या, त्यांना हात जोडून नको म्हटलं. पण दुपारी घरात जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे विसरलो नाही मी. तिकडे एखादा पंतोजी भेटला तर त्याच्याकडून वाचून घे, आणि जमलं तर त्यालाही दोन गोष्टी शिकव!

आठवते तुला ती भाऊबीज? मी पाच वर्षांचा होतो. तुला भातकुलीला नांदायला जाऊन एकच वर्ष झालं होतं आणि तू दिवाळीला माहेरी आली होतीस. माजघरात भर दुपारीही अंधार. निरांजन फिरवता फिरवता तू मध्येच थांबलीस आणि माझ्या तोंडाकडे पाहतच राहिलीस. मला वाटलं, आता लाडू मिळायला उशीर होणार.

माझ्या उजव्या डोळ्यात निरांजनाची ज्योत बुबुळाच्या मधोमध होती, डाव्यात मात्र जराशी कानाकडे सरकलेली. इतकी जराशी, की पाच वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तू मायला दाखवलंस तर माय उलट खूश झाली. डोळा किंचित आत असणं भाग्याचं, असं तिचं म्हणणं. शेजारच्या बायकांनीही माना डोलावल्या. तो डोळा पाहतो की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही!

सुचलं ते तुला. दुसऱ्या दिवशी काजळ घालताना तू माझा डावा डोळा तळहातानं झाकलास, मी गप्प बसलो. मग उजवा झाकलास आणि मी असा किंचाळलो की शेजारी धावत आले. तुझ्या मनगटाला चावलोसुद्धा. तो दातांचा वण शेवटपर्यंत होता ना गं?

माय रडायला लागली. पोराचा एक डोळा आंधळा, असं तिनं धरलं. तेव्हा तू जे बोललीस ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"आंधया नाही, माय. अंगचोर हाये तो डोया. जोडीतला एक बैल ओढते म्हणून दुसरा नुसता चालून राहिला. तगड्याले सोडलं, का याले ओढाच लागते."

चौदा वर्षांची होतीस तू. कुण्या वैद्याकडे गेली नव्हतीस, पोथी उघडली नव्हतीस. बैल हाकताना पाहिलेलं तू माझ्या डोळ्याला लावलंस. आज मला याचा इतका अभिमान वाटतो की ऊर भरून येतो.

पण चांगला डोळा बांधायचा म्हटल्यावर गाव उलटलं. पोरीनं भावाला आंधळं करायला घेतलं, म्हणाले. मायनं दोनदा चिंधी सोडून फेकली. तेव्हा तू काय केलंस? मला सोबत घेऊन सरळ सासरी गेलीस! नवी सून, आणि कडेवर भाऊ. तिथं तुला किती ऐकून घ्यावं लागलं, हे मला तुझ्या तेरवीला तुझ्या सासूबाईंनी सांगितलं. माझ्या भाकरीवरून कुणी बोललं की तू कापूस वेचणीला दोन ओळी जास्त धरायचीस म्हणे. हे मला कधी का नाही सांगितलंस? राग आहे माझा याबद्दल.

मला फक्त ओसरी आठवते. उजव्या डोळ्यावर चिंधी, पुढ्यात कापसाचा ढीग, आणि त्यातली वाळल्या पानांची बारीक पत्ती वेचायचं काम. पहिले कित्येक दिवस मला नुसतं पांढरं धुकं दिसायचं. मी तुला वैरीण म्हणायचो. होळीच्या सुमाराला एकदा पत्ती दिसली. मग देठ दिसले. मग तुझ्या नाकातली चमकी दिसली, आणि तू पदर तोंडावर घेऊन आत निघून गेलीस.

डोळा आजही केसभर आतच आहे बरं. तो सरळ झाला नाही. पण पाहतो, अक्का!

आणि काय पाहतो! अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेला आपल्याच कापसाची तहान लागली आहे. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ हटत नाही आणि लबाडीही तेवढीच वाढली. वर स्वच्छ कापूस, खाली ओला, पत्तीचा. तो ओळखायला मला बोलावतात. मागच्या साली अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं चारचौघांत म्हटलं, याची नजर देवाची देणगी आहे. मी मिशीवर ताव दिला आणि हसलो. माझ्या बहिणीनं दिली, एवढं सांगायला काय जात होतं माझं? तू होतीस तेव्हा. तुझ्या कानावर गेलं असतं.

आता आजचं. माझी काशी पाच वर्षांची झाली. तिच्या तान्ह्या भावाला पहिल्यांदाच ओवाळत होती. मी समोर बसलो होतो. निरांजन तिच्या तोंडाशी आलं आणि मी पुढे सरकून पाहिलं. उजव्या डोळ्यात ज्योत मधोमध. डाव्यात कानाकडे सरकलेली.

मी तिचा डावा डोळा झाकला, ती गप्प. उजवा झाकला, आणि ती चावली.

मी मायकडे पाहिलं. आता ती भाग्याचं काढणार, मग भांडण, हे गृहीतच धरलं होतं. माय उठली. पेटीतून तुझं जुनं हिरवं लुगडं काढलं, काठ बाजूला ठेवला आणि मधली एक पट्टी फाडून माझ्या हातात दिली.

"घट्ट आवयून बांधू नको," म्हणाली. "तिनं कधी आवयून नाही बांधली."

काशी रडून रडून आत्ताच झोपली. उद्या पुन्हा रडेल, मला वैरी म्हणेल. म्हणू दे. बायका गर्दी करतील, करू देत. अक्का, तिला दिसेपर्यंत ही चिंधी मी सोडणार नाही, आणि माझ्या नजरेचं कौतुक निघालं की भर बाजारात तुझं नाव घेईन. ही माझी या वर्षीची ओवाळणी. उशिरा का होईना, घे.

तुझ्या मनगटाला चावलेला,
नाम्या