फुल तिकीट

आप्पा, परवाच्या रविवारी आम्ही चौघं पार्कात जाऊन आलो. पार्क म्हणजे बाग नव्हे. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याला भिंत घालून आत पाण्याच्या घसरगुंड्या, उंच पाळणे आणि माणसांना उलटं टांगून नेणाऱ्या गाड्या एकत्र केल्यात. सकाळी तिकीट काढायचं आणि दिवसभर आत राहायचं. जत्राच म्हणा, फक्त देव नाही आणि धूळ नाही. घरचा डबासुद्धा आत नेऊ देत नाहीत. तुमच्या सुनेनं पहाटे उठून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही गाडीच्या डिकीत ठेवून गेलो. गाडी माझी स्वतःची आहे. हे सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे सायकल होती. सुनेला तुम्ही पाहिलं नाहीत, नातवंडांना तर नाहीच. मुलगी बारा वर्षांची आहे, मुलगा आठ. मुलगा तिसरीत आहे. हे ‘तिसरीत’ नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याला त्या दिवसातून एकच गोष्ट हवी होती. रुळांवरून जाणारी मोठी गाडी, जी सावकाश वर चढते, टोकाला क्षणभर थांबते आणि मग खाली कोसळते. वर्गातला एक पोरगा तिच्यात बसून आला होता आणि तेव्हापासून ह्याला भित्रा म्हणत होता. मग मोबाईलवर तिचेच व्हिडिओ, जेवताना तिचंच बोलणं. झोपताना बहिणीला विचारायचा, "ताई, तू माझ्या शेजारी बसशील ना? पहिल्या डब्यात?" ती म्हणायची, "बसेन. पण कानात ओरडलास तर तिथंच एक ठेवून देईन."

तिकिटाच्या खिडकीशेजारी भिंतीवर एक जिराफ रंगवलाय. त्याच्या गळ्यातल्या लाल पट्ट्याच्या खाली डोकं राहिलं तर अर्धं तिकीट, वर गेलं तर पूर्ण. माझा धंदा मापाचा आहे, आप्पा. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करतो, सूतभर चुकलं तर तावदान सरकत नाही. मला लांबूनच दिसलं, पोराचं डोकं पट्ट्याच्या दोन सूत वर जातंय. बायको हसत त्याच्या कानाशी लागली, "बाळा, जरा वाक ना, कोण बघतंय." मस्करीच होती ती. आमच्या पुढच्या बाईनं तर आपल्या पोराचे खांदे धरून त्याला चांगलं खाली दाबलं होतं. पण माझं डोकं फिरलं. म्हणालो, "माझ्या पोराला वाकायला सांगायचं नाही." आवाज मोठा लागला. "अहो, चार लोक बघताहेत," ती म्हणाली. मग मी त्या चार लोकांनाही सुनावलं. भर रांगेत उभं राहून तुमची-माझी बसमधली गोष्ट सांगितली, पोरांनी हजारदा ऐकलेली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागून एक जण म्हणाला, "काका, गोष्ट आत जाऊन सांगा, लाईन पुढं घ्या." मी मुलाला जिराफापाशी टाच टेकवून, मान ताठ करून उभं केलं आणि त्याचं पूर्ण तिकीट घेतलं. तिथं मोठ्यांच्या मनगटाला निळी पट्टी बांधतात, लहानांच्या पिवळी. त्याला निळी मिळाली. दिसेल त्याला तो ती दाखवत सुटला, "माझं फुल तिकीट आहे!" त्या क्षणी मला वाटलं, आज तुमचं माझं मिटलं.

ती गोष्ट मी जगाला सांगत आलो, तुमच्याशी मात्र एकदाही बोललो नाही. म्हणून आज तुम्हाला सांगतो. सातवीच्या परीक्षेत मी शाळेत पहिला आलो. तुम्ही हरसूलच्या बाजारात मीठ, मिरची आणि सुकट घेऊन बसला होतात, तिथं येऊन मास्तरांनी तुम्हाला सांगितलं. तुम्ही तराजू खाली ठेवलात आणि मला म्हणालात, "चल, तुला नाशिक दाखवतो." बागेतल्या छोट्या आगगाडीत बसवणार होतात. आईनं धुऊन, घडी करून रात्रभर उशाखाली दाबलेला सदरा घालून मी निघालो. फाट्यावर बस येताना दिसली तशी तुम्ही माझा दंड धरलात. "गुडघं वाकव. अन् तोंड उघडू नको." मला तेरावं सरलं होतं, अर्ध्या तिकिटाचं वय मागं पडलं होतं. बस गच्च भरलेली. मी दोन बाकांमधल्या वाटेत उभा आहे, गुडघे वाकवून, ते दिसू नयेत म्हणून सदरा खाली ओढून. कंडक्टर विचारतो, "ह्याचं?" तुम्ही म्हणता, "अर्धं. तिसरीत हाये." तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. "तिसरीत? ओ मामा, मिशा फुटायला लागल्यात त्याला!" बस हसते. मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणते, "तिसरीतच बसून ऱ्हायला आसंल!" बस पुन्हा हसते. आणि तुम्हीही हसता. लाजेनं हसला असतात तर मी कदाचित विसरलो असतो. तुम्ही मजेनं हसलात. ज्या निकालासाठी आपण घरून निघालो होतो तो तुम्ही नाशिक यायच्या आधीच पुसून टाकलात. बाजारात लोक तुमच्या मापाचं नाव काढायचे, आप्पा. पारडं खाली टेकल्यावरही तुम्ही मिठाची एक मूठ वर टाकायचात. गिऱ्हाईकाला झुकतं माप, आणि पोराच्या मात्र चार इयत्ता मारल्यात.

आगगाडीत बसलो. तिचं काहीच आठवत नाही, पोटऱ्या भरून आल्या होत्या एवढंच आठवतं. परतीची बसही भरलेली, कंडक्टर दुसरा. त्यानं तुम्हाला सोडून मलाच विचारलं, "कितवीत रे?" मी म्हणालो, "सातवी पास. पहिला नंबर." तुम्ही कमरेच्या पिशवीतून आणखी पैसे काढून दिलेत. माझ्याकडे बघितलं नाहीत. फाट्यावरून घरी चालताना एकच बोललात, "लय मोठा झालास. बरं झालं." जूनमध्ये गावातली पोरं आठवीला हायस्कुलात गेली आणि तुम्ही मला त्र्यंबकला एका लाकडाच्या वखारीत नेऊन सोडलंत. मालकाला म्हणालात, "मोठा हाये. करील काम." तेव्हा बरा मोठा झालो. कारण दुसरंही असेल. घरात तेव्हा काय चाललं होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. खरं बोललो म्हणून शाळा गेली, एवढंच मी धरून बसलो. पुढचं सगळं माझं मी शिकलो. रद्दीतली पुस्तकं, सामानाच्या खोक्यांवरचं इंग्रजी, इंजिनिअरांच्या नकाशांवरच्या खुणा. कुणी हाताला धरून शिकवलेलं एक अक्षर त्यात नाही. आज गंगापूर रोडवरून जाताना वर बघितलंत तर कितीतरी इमारतींच्या खिडक्या माझ्या हातच्या दिसतील. एकही वाऱ्यानं वाजत नाही. हे न बघता तुम्ही गेलात, आणि त्याचा राग कुणावर काढायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर पार्कात. दुसरं काही न बघता आम्ही आधी त्या मोठ्या गाडीच्याच रांगेत लागलो. ऊन चढत होतं, रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती, पण पोरगा एकदाही कुरकुरला नाही. रांग संपते तिथं एक लाकडी अस्वल उभं केलंय, एक हात आडवा पसरून. त्या हाताला डोकं लागलं तरच गाडीत बसता येतं. मुलगा हाताखाली जाऊन उभा राहिला आणि डोकं लागलं नाही. त्याला ते कळलंच नाही. त्यानं मनगट वर केलं. "माझं फुल तिकीट आहे." तिथं उंची तपासायला उभी असलेली बाई बोलण्यावरून पेठकडची वाटली. ती म्हणाली, "तिकीट फुल हाय रे राजा, पण तू नाय ना फुल!" मागचे लोक हसले. मुलानं माझ्याकडे बघितलं.

मी खिशातून टेप काढला. माझ्या खिशात रविवारीही टेप असतो. अस्वलाचा हात जमिनीपासून मोजला आणि खाली लिहिलेलं माप वाचलं. माझी खात्री होती की हात चुकीचा ठोकला असणार, कारण लोक फरशीची जाडी धरायला विसरतात. हात बरोबर होता. पोरगा तीन सूत कमी पडत होता. "ठेवा आता तो टेप," बायको दबक्या आवाजात म्हणाली. त्या बाईला पोराची दया आली. "दादा, जरासं तर हाय. चवड्यावर उभा ऱ्हाऊ द्या त्याला, मी तिकडं बघते." आणि खरंच तिनं मान फिरवली. मुलगा चवड्यांवर चढला. केस अस्वलाच्या हाताला लागले. तो बहिणीकडे बघून हसलाही. आणि मी त्याचा दंड धरून म्हणालो, "सरळ उभा राहा. टाच टेकव. खोटं उभं राहायचं नाही."

मी बरोबर होतो, आप्पा. अशा गाडीत उंची कमी असली तर पट्टा खांद्यावर नीट बसत नाही, पोर निसटू शकतं. एवढंच त्याला समजावून सांगितलं असतं तर ते समजण्याइतका तो शहाणा आहे. पण मी पट्ट्याबद्दल बोललोच नाही. मी सुरुवात केली, "मी जेव्हा शाळेत होतो..." आणि तो माझा हात झटकून म्हणाला, "माहितीये मला ती गोष्ट." मुलगी म्हणाली, "मग मी पण नाही जात." त्यावर तोच म्हणाला, "जा ना तू. मी इथून बघतो." ती गेली. पहिल्या डब्यात बसली, शेजारची जागा रिकामी. गाडी वर चढत असताना हा कठड्याला टेकून मनगटावरची पट्टी ओढत होता. ती कात्रीशिवाय निघत नाही, मनगट लाल झालं तरी ओढत होता. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." तो गाडीकडेच बघत म्हणाला, "जिराफापाशी वाकलो असतो तर पिवळी पट्टी मिळाली असती. पिवळीवाले इथं येतच नाहीत. मग मला कुणी हसलं नसतं." वर गाडी टोकाला थांबली आणि कोसळली. सगळे किंचाळले. तो पट्टी ओढतच होता.

नंतर तो कुठल्याच पाळण्यात बसला नाही. बायको माझ्याशी बोलत होती, पण फक्त कामापुरतं. "किल्ली द्या." "पाणी घ्या." परत येताना गंगापूर रोडला मिसळ खायला थांबलो. हॉटेलचे मालक ओळखीचे, तिथल्या खिडक्या मीच केल्यात. ते स्वतः टेबलापाशी आले आणि पोराला म्हणाले, "काय छोटे सरकार, तर्री झेपेल ना? कितवीत आहात आपण?" मुलगा खुर्चीवरून उठला. टेबलाच्या बाजूला येऊन उभा राहिला, माझ्याकडे बघत सावकाश गुडघे वाकवले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, "बालवाडीत. अर्धं तिकीट."

मालक पोट धरून हसले. "ह्याला नाटकात घाला हो!" मुलगी हसली. बायको ओठ दाबून पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली. मला हसू आलं नाही. मी काय बघत होतो सांगू? तो चुकीचा वाकला होता. गुडघे पुढं आले होते, पाठ ताठ होती. असं केलं की बघणाऱ्याला लगेच कळतं. खरं वाकायचं तर पाय जरा फाकवून, मागं बसल्यासारखं, आणि पुढच्या बाकाच्या आडोशाला. त्याला वाकायला जमलं नव्हतं, पण सकाळी अस्वलापाशी मी त्याचा दंड मात्र बरोबर धरला होता. अंगठा आतल्या बाजूनं, तुमच्यासारखा.

आज वर्कशॉप बंद ठेवलंय. मी एकटाच येऊन हे लिहीत बसलोय, ते कुठं धाडायचं नाही, कुणी वाचणार नाही. म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. मी ती बसची गोष्ट सांगतो तेव्हा शेवटी मी ताठ उभा राहतो. पोरांना तसंच पाठ आहे, पप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, सातवी पास. परवा रांगेतल्या लोकांनाही मी तसंच सांगितलं. पण तुम्ही माझ्या शेजारी होतात, आप्पा, तुम्ही पाहिलं असणार. सातवी पास म्हणालो तेव्हाही माझे गुडघे वाकलेलेच होते. ते सरळ करायचं मला सुचलंच नाही. तुम्ही पूर्ण तिकीट काढलंत, ते माझ्या हातात दिलंत, आणि फाटा येईपर्यंत मी तसाच उभा होतो.