उल्केचं ताक

मुलुंड (पूर्व), रविवार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या श्यामकांताचा वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढा). बोरिवलीत गुडघा कसा आहे? स्वतः तेल लावतेस ना, की दुसऱ्यांनाच उपाय सांगतेस? आम्ही इथे मजेत. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

रिटायर झाल्यापासून मला लोखंडी उल्का जमवायचा नाद लागलाय, हे तुझ्या भावजयीने, रेवतीने, तुला रडून सांगितलंच असेल. (आकाशातून पडलेलं लोखंड, ताई. भंगार नव्हे.) वर्षभर दोरीला लोहचुंबक बांधून हिंडलो आणि सात तुकडे जमवले. वरच्या मजल्यावरच्या इरावतीबाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. त्यांनी सातही पाहिले आणि चहा मागितला. पाच म्हणे कुठल्याशा भट्टीतलं कीट, सहावा रुळाचा टवका, आणि सातवी आमच्याच सोसायटीच्या फाटकाची बिजागरी. सेक्रेटरी ती दोन महिने शोधत होता!

आठवा मात्र अस्सल निघाला. ऑफिसातला माझा जुना दोस्त बेसिल मनोरीला राहतो. त्याचे आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आफ्रिकेहून आणलेला पेरूएवढा काळा गोळा त्याची बायको एमिलिया खारवलेल्या बांगड्यांवर वजन म्हणून ठेवायची. मी बदल्यात तिला आपला लोखंडी खलबत्ता देऊन आलो. (रेवती तो अजून शोधतेय. तू काही बोलू नकोस.) इरावतीबाईंनी गोळ्यावर कानस मारली, आत चांदीसारखं चकाकलं, तशा त्या चहा टाकून उभ्याच राहिल्या! म्हणाल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी एक छोटा ग्रह आपटून फुटला, त्याच्या पोटातलं हे लोखंड. ते इतकं सावकाश निवलं, की एकेक अंश उतरायला हजारो वर्षं लागली, म्हणून आत एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उमटतात. चकती कापून ॲसिडने धुतली की दिसतात. फक्त खूप तापवायचं नाही, रेघा पुसतात. ताई, त्या रेघा बघायला माझा जीव नुसता तुटत होता. गोळा ओट्यावर ठेवून (बांगड्याचा वास जावा म्हणून रेवतीने चिंच लावून घासला होता) मी कापणारा शोधायला भांडुपला गेलो.

आणि नेमका तेव्हा तुझा फोन आला. आपल्या सुनेला, गार्गीला, सातवा महिना, हिमोग्लोबिन नऊ. तू रेवतीला सांगितलंस, लोखंड लाल तापवून ताकात विझवा, चुर्र झालं पाहिजे, आणि प्यायला द्या. आता आमचं स्वयंपाकघर स्टील आणि नॉनस्टिकचं. लोखंड म्हणावं असा एक खलबत्ता होता, तो मी मनोरीला पोचवलेला. मी दारातून आत येतो, तर माझा ग्रह गॅसवर! वाट लागली ना यार! मी ओरडेपर्यंत चुर्र झालंसुद्धा. गार्गीने ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि म्हणाली, बाबा, झकास. इरावतीबाईंचं म्हणणं, एकदा तापवल्याने काही बिघडत नाही, पण रोज तापवलात तर मी सांगू शकत नाही. आज विसावा दिवस आहे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा,
श्यामकांत

ता. क. — पत्राचं खरं कारण. तुझ्याकडचा लोखंडी बत्ता ताबडतोब कुरिअरने पाठव आणि रेवतीला ठणकावून सांग, की हाच वापरायचा. तिच्या लेखी तू म्हणजे धन्वंतरी आणि मी म्हणजे भंगारवाला. माझ्या रेघा तेवढ्या वाचव गं.

ता. क. २ — पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात गार्गी रिपोर्ट घेऊन आली. दहा पूर्णांक दोन! डॉक्टरीणबाई म्हणतात, हा मी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचा गुण. रेवती म्हणते, ताईंच्या ताकाचा. गार्गी मात्र खुर्चीत बसली, पोटावर हात ठेवला आणि बाळाला सांगू लागली, की तुझे आजोबा तुला आख्खा ग्रह पाजतायत. ताई, मी उठलो, सांडशी घेतली आणि आजचा गॅस मीच पेटवला. कापणाऱ्याला नको म्हणून कळवलंय. बत्ता पाठवू नकोस. पाठवायचंच असेल तर घरचं लोणी काढलेलं ताक पाठव, आमचं फार आंबट होतं.