पडद्याची फीत

हापाक्युला, २१ फेब्रुवारी

प्रिय सातू,

पार्सल पोचलं. मोजे अगदी बरोबर बसले. मांजरासाठी पाठवलेला कापडी उंदीर मांजराने एकदा हुंगला आणि चुलीमागे सारून दिला, पण त्याची आवड तुला माहीतच आहे. इकडे थंडी कडक आहे, पण वारा नाही. दुपारी पायरीवर बसून कॉफी पिता येईल इतकं ऊन येतं. दाताचं काम झालं. तुर्कूत फेब्रुवारीत पाऊस पडतो म्हणजे कमालच आहे.

फोनवर तू विचारलंस, आवाज असा का येतोय, आणि मी सर्दी झाली म्हणाले. सर्दी नव्हती. ते पुढे येईलच.

आधी शेताचं सांगते. नाताळात तू आलीस तेव्हा क्रीडा मंडळाने मागच्या शेतात डिस्क गोल्फच्या, चकत्या फेकायच्या त्या खेळाच्या, टोपल्या रोवलेल्या पाहिल्या होत्यास. ओट्सचं पीक निघून जमीन गोठली की उभ्या करायच्या आणि एप्रिलमध्ये पेरणीच्या आधी काढून न्यायच्या. उन्हाळ्यातला खेळ आम्ही बर्फात खेळतो म्हटलं तर परका माणूस हसेल. तुला वाटलं असेल, मी नुसती जागा दिली आणि खिडकीतून बघत बसते. तसं नाही. मी खेळते. तुझ्या पिर्योमावशीने पहिल्यांदा चकती हातात कोंबली आणि म्हणाली, "फेक, हिल्का. जन्मभर कोंबड्यांना दाणे फेकलेस, ही काय त्याहून जड आहे?" माझी पहिली चकती टोपलीच्या उलट दिशेला, धान्याच्या कोठारावर गेली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले.

बर्फात खेळायचं तर चकतीच्या पोटाला हातभर लांब फीत चिकटवावी लागते. चकती भुसभुशीत बर्फात बुडते, फीत मात्र वर राहते. नाहीतर मग एप्रिलपर्यंत वाट बघायची. प्रत्येकाची फीत वेगळी. पिर्योची लाल, पाद्रीबाईंची हिरवी. फीत दिसली की चकती कुणाची ते लांबूनच कळतं. मी शिकेपर्यंत दुकानातले सगळे रंग वाटले गेले होते, म्हणून मी तुझ्या खोलीचा जुना पडदा कापला. पिवळ्यावर निळी फुलं होती, तो. रागावू नकोस, उंदरांनी खालचा काठ आधीच कुरतडला होता.

आता चराकडे यायलाच हवं.

खेळाचा अर्धा भाग आपल्या शेतात आहे आणि अर्धा चराच्या पलीकडे, रायमोच्या कुरणात. हो, तोच रायमो. त्याने चर खोल खणला आणि वसंतात आपलं खालचं शेत पाण्याखाली गेलं, तेव्हापासून तुझे बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. तूही त्याचा ट्रॅक्टर दिसला की तोंड फिरवायचीस, बाबांनी सांगितलं होतं म्हणून. बाबांच्या अंत्यविधीला तो चर्चच्या दाराबाहेर उभा होता. तू पाहिलंस. मीही पाहिलं, आणि दोघीही त्याबद्दल बोललो नाही.

नवीन वर्षात त्याने कुणालाही न विचारता चरावर फळ्या टाकल्या. मग तोही खेळायला येऊ लागला. त्याचा नेम वाईट आहे आणि त्याच्या नारिंगी फिती थंडीत सुटून येतात, त्यामुळे शोधाशोध फार. गुडघाभर बर्फात दोन माणसं काठ्या खुपसत एकच वस्तू शोधत असली की कधीतरी बोलावं लागतंच.

"तैस्तोचं बरोबर होतं," तो एकदा बर्फाकडे बघतच बाबांचं नाव घेऊन म्हणाला. "चर मी जास्तच खणला. सांगायला आलो असतो, पण त्याने कुत्रं सोडलं असतं."

"सोडलं असतंच," मी म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. बाबांवर नाही गं. बाबा तसे होते म्हणूनच.

आता गेल्या रविवारचं. लास्किआइनेनची, ईस्टरच्या उपासाआधीच्या सणाची, स्पर्धा होती, पिर्योने मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप चढवलं होतं, सगळं गाव शेतात. सकाळी निघायच्या आधी रायमोची फीत पुन्हा सुटली. मी चकती चुलीपाशी गरम केली, माझ्या पडद्यातली पट्टी कापली आणि चिकटवून दिली. घाई होती. काय करते आहे ते माझ्या लक्षातच आलं नाही.

तिसऱ्या टोपलीशी त्याची चकती बर्फाच्या ढिगात घुसली. पिर्यो धावत गेली आणि फुलाफुलांची फीत धरून तिने चकती उपसली. "हिल्का, सापडली बघ तुझी."

"माझी माझ्या हातात आहे," मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

पिर्योने चकती उलटी केली. खाली रायमोचं नाव. तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काय रे रायमो," ती म्हणाली, "तुझ्या घरी पडदे कधीपासून आले?"

रायमो किती बोलतो ते तुला ठाऊक आहे. त्याने टोपी नीट केली. "जानेवारीपासून," तो म्हणाला.

पाद्रीबाई म्हणाल्या, "चला, फेका आता, सूप निवतंय," आणि खेळ पुढे सुरू झाला. मी सूप घ्यायला गेले तेव्हा पिर्योने न विचारता दोन वाडग्या हातात दिल्या.

तर गावाला कळलं. तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. फोनवर तीनदा सुरुवात केली आणि तीनदा हवामानावर गेले; आवाज त्यामुळेच तसा येत होता. म्हणून हे पत्र.

सकाळी तो आपल्या स्वयंपाकघरात होता, हे तू वर वाचलंसच. रोज नसतो, पण असतो. तुझ्या बाबांची आठवण मला अजूनही रोज येते, त्यात काहीच कमी झालेलं नाही. उलट आता त्यांच्याबद्दल बोलायला माणूस मिळालं, आणि तो त्यांची तरफदारीसुद्धा करतो. मला सकाळी उठावंसं वाटतं, सातू. मधली काही वर्षं तसं वाटत नव्हतं, आणि तेही मी तुला सांगितलं नव्हतं.

ईस्टरला तो जेवायला असेल. हे विचारत नाही, कळवते आहे. विचारायचं एवढंच आहे, की तू येशील का. नाही आलीस तर मला वाईट वाटेल, पण बेत बदलणार नाही. तुझ्याशी इतकं कडक बोलायची मला सवय नाही. हे वाक्य दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

उत्तराची वाट बघणारी, आणि अजूनही तुझीच,
आई


तुर्कू, २८ फेब्रुवारी

आई,

पिर्योमावशीचा फोन रविवारीच आला, तुमचं सूप संपायच्या आत. मी मुद्दाम गप्प राहिले. तू सांगतेस की नाही ते मला बघायचं होतं. तू सांगितलं नसतंस तर बहुतेक मी आलेच नसते.

मला राग आला होता. अजून आहे. पण कुत्र्याचं वाचून बसमध्ये मोठ्याने हसले आणि मग हसल्याचाही राग आला. बाबांनी खरंच सोडलं असतं. सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, हे मात्र तू मला सांगायला हवं होतंस. रायमोपेक्षा ते मला जास्त लागलं.

त्यांना काय म्हणायचं ते मला माहीत नाही. लहानपणी मी त्यांना काहीच म्हणत नसे. नुसतं नावाने हाक मारली तर चालेल का, विचारून ठेव.

मी ईस्टरच्या आधी गुरुवारी येते. राय धान्याची ती ईस्टरची काळी खीर मी आणेन, तुझी नेहमी करपते.

एकच मागणं आहे. टेबलाच्या टोकाची बाबांची खुर्ची या वेळी मला हवी. रायमोंना माझी दे.

सातू