कारण निश्चित नाही

अप्पा,

शीतगृहात तापमान सांभाळणाऱ्या एका माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सांगता सांगता मी त्यातच कुठेतरी लपून बसेन. तुम्ही ज्या कामात बावीस वर्षं काढलीत, तेच त्यांचं काम होतं. वयही साधारण तुमच्याएवढंच, म्हणजे तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्याएवढं.

तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. पुढे मी नक्की काय करणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि खरं तर मलाही नव्हतं. प्रवेश घ्यायला माझ्याबरोबर आला होतात तेव्हा कॉम्प्युटर लॅबच्या दारात तुम्ही दोन मिनिटं उभे राहिलात, एसीचा गारवा तोंडावर घेतलात. दुसऱ्या दिवशी कुठूनतरी लोकरीची कानटोपी घेऊन आलात. नवी मुंबईत कानटोपी! आई हसून हसून बेजार झाली. तुम्ही मात्र गंभीर. "सहा-सहा तास बसशील तिथं. गारठा एकदम कळत नाही, मग कान धरतात." तुम्हाला थंडीचं जे कळत होतं ते आमच्या घरात दुसऱ्या कोणालाच कळत नव्हतं. मे महिन्यात पहिली पाळी करून घरी यायचात तेव्हा आईच्या पाठीवरून घामाच्या धारा चाललेल्या असत, आणि तुम्ही पंखा सोडून तिच्या गॅसशेजारी पाटावर येऊन बसायचात, दोन्ही तळवे भाकरीच्या तव्यापाशी धरून. ती ओरडायची, "भाजून घ्याल!" तुम्ही म्हणायचात, "भाजलं तर कळंल तरी."

सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन तुर्भ्याला तुमच्या शीतगृहात यायचे. आठ खोल्या, आठ जाडजूड दारं, प्रत्येक दाराबाहेर तापमानाचा एक गोल काटा आणि तुमच्या केबिनमध्ये खिळ्याला अडकवलेली पाटी. दर तासाला आठही काटे बघायचे आणि पाटीवरच्या कागदावर लिहायचे. मी चौथीत असेन. तुम्ही मला म्हणता, जा, पाच नंबरचा काटा बघून ये. मी निम्म्या वाटेवर जाते, तिथे अंधार असतो आणि यंत्रांचा आवाज छातीत घुमत असतो, म्हणून तशीच मागे फिरते आणि आधीच्या तासाचाच आकडा सांगते. तुम्ही तो लिहिता. मग काय वाटतं कोण जाणे, उठून स्वतः जाऊन येता. आकडा दोनाने वर गेलेला असतो. तुम्ही ओरडत नाही. लिहिलेला आकडा खोडता, शेजारी सही करता आणि म्हणता, "न बघता सांगितलंस. आता ह्या कागदावरचं बाकीचं खरं, असं कोण मानंल?" त्या दिवशी डब्यातला अर्धा लाडू मला मिळाला नाही, आणि मी मागितलाही नाही.

आता माझं काम सांगते. महापेला एक लहानशी कंपनी आहे, आम्ही सहाजण आहोत. शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहितो. खोल्यांमध्ये तापमान मोजणारे सेन्सर बसवतात, त्यांच्या तारा एका कॉम्प्युटरला जोडतात, आणि त्या कॉम्प्युटरवर माझा प्रोग्राम चोवीस तास बसून आकडे वाचतो. आकडा वर गेला की चार-पाच माणसांच्या फोनवर मेसेज जातो. मुलाखतीत मी तुमच्या पाटीबद्दल सांगितलं होतं. मला वाटतं, त्यावरच मला घेतलं.

तुर्भ्याच्याच औद्योगिक पट्ट्यात औषधांचं एक शीतगृह आहे. इन्सुलिन, लशी, असला माल. दीड वर्षापूर्वी मी तिथे प्रोग्राम बसवला. तिथले ऑपरेटर काका जवळच्याच गावचे, खाडीकाठचे मूळ आगरी. मी वायरी लावत होते तेव्हा ते हातात पाटी घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "मंग आता मी काय करू, मॅडम?" मी हसत म्हटलं, "आता तुम्हाला आराम, काका." तसा आराम काही मिळाला नाही. दर तासाची फेरी बंद झाली आणि त्या वेळात गाड्या भरून घेण्याचं काम त्यांच्या गळ्यात आलं.

पावसाळा संपल्यावरचा एक रविवार. दुपारी वीज खालीवर झाली आणि एका खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला. काका मागच्या बाजूला गाड्या भरून घेत होते. मेसेज कोणालाच गेला नाही. सोमवारी सकाळी मॅनेजर आले, कॉम्प्युटरला पासवर्ड टाकला, आणि मिनिटभरात सगळ्यांचे फोन वाजायला लागले. तोवर सतरा तास होऊन गेले होते. त्या खोलीतला सगळा माल टाकून द्यावा लागला.

मी दहा वाजता पोचले. प्रोग्राम छान चालू होता. हेच फार वाईट असतं, अप्पा. बिघडलेली वस्तू समोर असली की माणूस ती उघडून बघतो. इथे समोर चालणारी वस्तू होती आणि मागे सतरा तास कोरे. प्रोग्रामच्या नोंदींमध्ये रविवारी दुपारी एक ओळ, नंतर एकदम सोमवार सकाळ. कुठे चूक नाही, तक्रार नाही. विंडोज स्वतःचीही एक रोजनिशी ठेवतं, कॉम्प्युटरमध्ये काय काय घडलं त्याची. त्यात हजारो ओळी असतात. मी त्यातल्या लाल खुणेच्या, म्हणजे बिघाडाच्याच तेवढ्या बाजूला काढल्या आणि त्याच वाचल्या. माझ्या प्रोग्रामचं नाव त्यात कुठेही नव्हतं.

काका दाराशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, मी दुपारी इकरं येऊन बघला व्हता. त्या डोंगराचा चित्र व्हता. मना वाटला, चालूच हाय." मी मान हलवली. स्क्रीनला थोडा वेळ कोणी हात लावला नाही की ती आपोआप बंद होते आणि त्यावर डोंगराचं, तळ्याचं असलं चित्र येतं. ते रोजचंच. मागे प्रोग्राम चालूच राहतो. मी त्यांना म्हटलं, "हो काका, ते नेहमीचं असतं," आणि पुन्हा माझ्या लाल ओळींकडे वळले.

मॅनेजर म्हणाले, "सॉफ्टवेअर तर चालतंय. म्हणजे रविवारी कोणीतरी बंद केलं."

"असं नाही म्हणता येणार, सर."

"मग कसं म्हणता येईल? तुम्ही सांगा ना."

त्यांना दुपारपर्यंत लेखी काहीतरी हवं होतं, वरून फोनावर फोन येत होते. मी तिथेच बसून लिहिलं, 'सदर कालावधीत प्रोग्राम बंद होता. कारण निश्चित नाही.' मला ते प्रामाणिक वाटलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि त्यांना हवं ते त्यात सापडलं. प्रोग्राम बंद होता, प्रोग्रामचा दोष सापडला नाही, तिथे रविवारी एकच माणूस होता. बुधवारी काकांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

पुढचे आठ दिवस मी ऑफिसात तसाच एक कॉम्प्युटर मांडून बसले होते. वायर काढून बघितली, नेट तोडून बघितलं, वीज घालवून बघितली. कॉम्प्युटर चाळीस वेळा बंद करून चालू केला असेल. दर वेळी पासवर्ड टाकायचा, आणि दर वेळी प्रोग्राम शहाण्यासारखा उठून कामाला लागायचा. शेजारचा सहकारी म्हणाला, "अगं, आपल्याकडे चालतंय ना? मग त्यांच्याच मशीनमध्ये काहीतरी लोचा असणार. सोड ना, टेन्शन कशाला घेतेस?" मला ते पटवून घ्यायचं होतं. खूप मनापासून पटवून घ्यायचं होतं. चहाला गेले तरी डोक्यात तेच, घरी भाजी चिरताना तेच. माझी मुलगी विचारायची, "तुझं मशीन बरं झालं का?" आणि मी म्हणायचे, "ते आजारीच पडत नाहीये गं."

नवव्या दिवशी त्या कॉम्प्युटरवर विंडोजचे अपडेट आले. तो आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होणार होता, म्हणून मी तो सोडून जेवायला गेले. परत आले तर स्क्रीनवर डोंगर. मी सेन्सर हातात धरून गरम केला. माझ्या फोनवर मेसेज यायला हवा होता. नाही आला. मी उभीच राहिले, अप्पा. पासवर्ड टाकायला हात पुढे गेला होता तो मागे घेतला.

इतकं साधं होतं. मी प्रोग्राम असा बसवला होता की माणसाने पासवर्ड टाकून कॉम्प्युटर उघडला की तो सुरू होईल. बसवला तेव्हा तिथे पासवर्डच नव्हता, कॉम्प्युटर थेट उघडायचा. नंतर कधीतरी त्यांच्या मुख्य ऑफिसने सुरक्षेसाठी तो घातला, मला न कळवता. त्या रविवारी अपडेट आले, कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन चालू झाला आणि पासवर्डची वाट बघत बसला. समोर डोंगर. स्क्रीन नुसती मिटली असली तरी तोच डोंगर, आणि कोणी पासवर्डच टाकला नसला तरी तोच. बाहेरून कोणालाही फरक कळणार नाही. विंडोजच्या रोजनिशीतून मी आणलेली नक्कल पुन्हा उघडली, तर कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाल्याची ओळ होती तिथे, वेळेसकट. लाल नव्हती. साधी माहिती म्हणून लिहिलेली होती. मी ती वाचलीच नव्हती.

दुरुस्तीला एक दिवस लागला. आता पासवर्ड टाका, न टाका, कॉम्प्युटर चालू झाला की प्रोग्राम सुरू होतो. सुरुवातीलाच तसं करायला हवं होतं. हे काम शिकणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. मी मॅनेजरांना भेटून सगळं सांगितलं. काकांचा काही दोष नाही, असं स्वच्छ शब्दांत लिहून दिलं. ते म्हणाले, "बरं केलंत. आता परत नाही ना होणार?" मी काकांचं विचारलं. "ते कॉन्ट्रॅक्टवर होते, मॅडम. त्यांच्या जागी दुसरा माणूस आलाय. आता त्याला काढू का?" मी आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण आपलं सांगितलं. त्यांनी कोणाला ठेवायचं हे आपल्या हातात नाही." खरंच नव्हतं.

मग मी काकांच्या गावी गेले. गाव कसलं, चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये अरुंद गल्ल्या. त्यांच्या बायकोने दार उघडलं. काका कोपऱ्यात खुर्चीवर बसून गणवेशाची बटणं लावत होते. खारघरच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले होते, निघायच्या तयारीत होते. मला बघून घाईने उठले. "ये बाय, बस." मॅडम म्हणाले नाहीत. मी सगळं सांगितलं. अपडेट, पासवर्ड, डोंगर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तं तुमाना तवाच सांगला व्हता."

मी म्हटलं, "हो काका. सांगितलं होतं तुम्ही."

त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, मी लिहून दिलंय त्यांना, तुमचा दोष नव्हता म्हणून. काकांनी विचारलं, "मंग बोलवतान का परत?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी गणवेशाचं राहिलेलं बटण लावलं. मग एकदम मान वर करून म्हणाले, "तुमची नोकरी हाय ना?"

मी हो म्हटलं. "चला, मंग बरा झाला," म्हणाले, आणि ते खरंच मनापासून म्हणाले. मी एखादी शिवी ऐकायच्या तयारीने गेले होते, ह्याची काही तयारी नव्हती. त्यांची ड्युटीची वेळ झाली होती. आम्ही गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत बरोबर चालत आलो. त्यांनी माझ्यासाठी हात करून रिक्षा थांबवली.

त्याला आता चार महिने झाले. ओळखीच्या दोन शीतगृहांत मी त्यांच्यासाठी शब्द टाकला. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, आता आम्ही हे काम सॉफ्टवेअरवरच करतो. त्यातल्या एका ठिकाणचं सॉफ्टवेअर माझंच आहे.

आई विचारते, हल्ली इतकी गप्प का असतेस. तिला मी सांगितलं नाही. नवऱ्याला अर्धंच सांगितलं, ते अर्धं ज्यात पासवर्ड दुसऱ्यांनी घातला होता. तुम्हाला सगळं लिहिलं आणि थोडं हलकंही वाटलं. पण एक गोष्ट कबूल करते, अप्पा, आणि थांबते. तुम्ही असतात, रोज संध्याकाळी समोर बसून चहा घेत असतात, तर ह्यातलं एक अक्षरही मी तुम्हाला सांगितलं नसतं.