चांगला पिझ्झा मिळेपर्यंत

४ तारीख, मंगळवार. सकाळी.
लेकीच्या गावी पोचलो. प्रवासाने अंग आंबलंय. ती इथल्या वायनरीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, त्यामुळे उजाडताच जाते आणि येते ती पार पिळून निघाल्यासारखी. मला सोफा दिलाय. सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. चालायचंच.

कामगिरी एकच. पंचवीस तारखेला माझी बायपास आहे, हे तिला समोरासमोर सांगायचं आणि तिला बरोबर घेऊन घरी जायचं. फोनवर कळवायचं नाही, पोर एकटीच घाबरून बसेल, असं मीच बायकोला बजावलंय. निघताना बायको म्हणाली, जमेल ना तुम्हाला? म्हटलं, अगं, तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल सांभाळलंय, लोकांना तोंडावर माल नापास सांगितलाय. हे काय अवघड!

प्लॅन तयार आहे. पिझ्झा. आमच्या घरची जुनी पद्धत. शाळा बदलली, आजी गेली, कुत्रा दुसऱ्यांना देऊन टाकला, दर वेळी मी लेकीला पिझ्झा खायला नेलं आणि हळूच सांगितलं. एकदाही त्रागा केला नाही पोरीने. गप्प बसून ऐकायची. आज संध्याकाळीच उरकून टाकतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
पिझ्झाचं नाव काढलं तर लेक पांढरीफटक. बाबा, काय झालंय? आई बरी आहे ना? म्हटलं, वेडी आहेस का, सहज खावासा वाटला. म्हणाली, आपल्या घरात सहज कोणी पिझ्झा खात नाही. मग तिने अंडी उकडली. मुकाट्याने जेवलो.

निष्कर्ष: पद्धत बरोबर आहे, फक्त साध्यासुध्या पिझ्झाने भागणार नाही. अव्वल हवा. म्हणजे तिला वाटेल, बाबाने खरंच खाण्यासाठी आणलंय. उद्यापासून शोध. डॉक्टरांनी चीज बंद केलंय, पण सॅम्पल घेणं म्हणजे काही खाणं नव्हे.

५, बुधवार.
मुख्य चौकातलं रेस्टॉरंट. वेटरने विचारलं, वाईन कुठली? म्हटलं, पाणी. तिथेच त्याचा चेहरा पडला. पिझ्झा आला तो बशीएवढा, हा भला मोठा पाट आणि त्याच्या कोपऱ्यात तो. म्हणाला, हा वाईनच्या जोडीला घ्यायचा असतो. म्हटलं, पाण्याशी जमत नाही का त्याचं? हसला नाही. नापास.

या गावात चढ फार. दोनदा थांबून दुकानांच्या काचा बघाव्या लागल्या. एक दुकान नुसतं बाटल्यांच्या बुचांचं होतं. बराच वेळ बुचं बघितली.

लेक उशिरा आली, बूट न काढताच खुर्चीत बसली. अशात विषय काढणं बरं दिसलं नसतं.

६, गुरुवार.
दोन जागा पालथ्या घातल्या. पहिल्या ठिकाणी पिझ्झावर द्राक्षं. यांना कुणी आवरत कसं नाही? दुसरी जागा टेकडीवर. खाली मळेच मळे, आणि ताटात मधोमध कच्चा पिझ्झा. मालक म्हणाला, लोक इथे सूर्यास्त बघायला येतात. म्हटलं, मग सूर्यास्तच वाढा की. उतरताना एका बांधावर टेकलो. छातीत जरा जड. अर्थातच चीज.

बायकोचा फोन. सांगितलंत का? म्हटलं, तयारी चालू आहे. कसली तयारी, म्हणाली, तोंड उघडायचं आणि बोलायचं. हिला वातावरणनिर्मिती म्हणजे काय ते कळतच नाही.

७, शुक्रवार.
लेकीने माझ्यासाठी अर्धी सुट्टी काढली म्हणे. दुपारी घरी आली, वाट बघितली, परत कामावर गेली. मी घरी कुठे होतो? मी बस स्टँडच्या मागे, टायरच्या दुकानाशेजारी, रांगेत उभा. फोन खिशात वाजला असणार. वाईट वाटलं. मनापासून वाटलं.

पण जागा सापडली! लाकडाची भट्टी. कडा टम्म फुगलेल्या, खालून काळे ठिपके, मध्ये ओलसर पण कच्चा नाही. पास! नोकरीतसुद्धा इतक्या आनंदाने शिक्का मारला नव्हता. अर्धाच खाल्ला. बरं, पाऊण.

उद्या शेवटची संध्याकाळ. उद्या नक्की. म्हणजे नक्कीच.

८, शनिवार.
गेलो. पिझ्झा आला. लेक हात मांडीवर ठेवून बसून राहिली. म्हणाली, आधी बातमी सांगा, मग खाते.

आता भट्टीतला पिझ्झा गार झाला की संपला. तीन दिवसांची पायपीट पाण्यात. म्हटलं, बातमी कसली गं, काही नाही. शप्पथ? मी तिचा हात थोपटला. शप्पथ मी घेतलेली नाही, हे नोंदवून ठेवतो.

मग अशी तुटून पडली म्हणता! बोटं चाटली, लॅबमधल्या साहेबाची नक्कल करून दाखवली, हसता हसता ठसका लागला. म्हणाली, बाबा, बातमीशिवायचा हा माझा पहिला पिझ्झा. तिला असं जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं. डोळे भरून आले, म्हणून तोंडात तुकडा कोंबला. अशा वेळी सांगणारा बाप असेल तर तो कसाई.

निघताना म्हणाली, दोन महिन्यांनी हंगाम संपला की येते निवांत. म्हटलं, ये की, घाई काय आहे!

९, रविवार. घरी.
बायकोने दार उघडलं. माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या मागे जिन्यात बघितलं. मी बॅग आत घेतली. म्हटलं, फार हंगाम आहे गं तिला. आणि शेवटी पिझ्झा मिळाला बरं का चांगला.

बायको फोन घेऊन बाल्कनीत गेली, दार ओढून घेतलं. काचेतून तिचे ओठ हलताना दिसले, मग ती नुसतीच ऐकत उभी राहिली. चहा कोणी केला नाही. मलाही मागवेना.

बाल्कनीतून आली आणि फोन माझ्या हातात देऊन आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, लेक ओरडेल. उत्तर तयार ठेवलं होतं. ती ओरडली नाही. उद्या सकाळी पोचते म्हणाली. मग रडायला लागली, आणि थांबत थांबत म्हणाली, बाबा, तुम्ही समोर बसून मला पोटभर खाऊ दिलंत.

मी म्हटलं, हो.